देवदूताच्या नजरेतून हॅगशॉचा बॅन्ड

रॉबिन पक्ष्याशी माझं व्यक्तिशः काही वाकडं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण हॅगशॉ गावात माझ्याविषयी अजूनही तसा समज आहे. लाल छातीचा तो चिमुकला जीव बर्फात बसलेला मलाही गोड वाटतो. फक्त माझ्या जन्माच्या आधीपासून तोच पक्षी, त्याच फांदीवर, त्याच चर्चसमोर, डावीकडेच तोंड करून बसलेला पाहिला की माणसाला कधीतरी वाटतं, बाबा रे, जरा उडून तरी दाखव.

हा रॉबिन मिस पिकल्सचा. आमच्या गावच्या पितळी बॅन्डचं नाताळचं कार्ड दर वर्षी त्याच काढायच्या आणि ते विकून बॅन्डवाले आपली वाद्यं दुरुस्त करायचे. शेवटची दोन वर्षं मिस पिकल्सना मोतीबिंदू झाला होता. त्यांचा रॉबिन टोमॅटोसारखा दिसायला लागला होता, पण गाव सवयीने टोमॅटोदेखील विकत घेत होतं. त्या शरद ऋतूत त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि बॅन्डच्या सभेत प्रश्न उभा राहिला, आता कार्ड कोण काढणार?

तेव्हा माझे बाबा उभे राहिले. आई म्हणते, खरोखर खुर्चीतून उठून उभे राहिले. बाबा बॅन्डमध्ये ट्यूबा वाजवतात, म्हणजे ते मांडीवर घेतलं की मागचा माणूस दिसेनासा होतो ते अजस्र पितळी वाद्य. बाकी वेळ ते गॅस कंपनीच्या कचेरीत कारकुनी करतात. दोन्ही कामांत फारसं बोलावं लागत नाही म्हणून ते सुखी आहेत. मी कॉलेजात कला शिकायला गेल्यापासून कुणी विचारलं, "नॉर्मन, पोरगी काय करते?" की ते "लीड्सला असते" म्हणायचे आणि हवापाण्यावर यायचे. ते बाबा भर सभेत म्हणाले, "आमची हेझल काढेल. ती आर्टिस्ट आहे."

हे ऐकल्यावर साधंसुधं कार्ड काढणं मला शक्यच नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी बापाने चारचौघांत आर्टिस्ट म्हटलं की माणसाचं डोकं फिरतं. त्यात आमचे सर एकदा वर्गात म्हणाले होते, "ज्या गोष्टीकडे सगळे समोरून बघतात, तिच्याकडे दुसरीकडून बघा." सर स्वतः आमच्या चित्रांकडे बहुधा खिडकीबाहेर बघत बघायचे, पण ते वाक्य मला लागलं होतं. कल्पना सुचली ती बसमध्ये. नाताळच्या रात्री देवदूत आले कुठून? वरून. मग त्यांना दिसलं काय? आजवर कुणी काढलंय? सगळे चित्रकार खाली उभे राहून वर बघत बसले. मी देवदूताच्या जागी बसून खाली बघणार! रस्त्यात कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, वाजवणारा हॅगशॉचा बॅन्ड थेट वरून काढायचा. टोप्या, खांदे, वाद्यांची गोल तोंडं आणि बाहेर डोकावणारे बूट. या कल्पनेने मी इतकी भारावले की माझा स्टॉप गेला आणि भर पावसात मला पुढच्या गावाहून चालत यावं लागलं. कलेसाठी मी इथपासूनच सोसत होते.

वरून चित्र काढायचं तर आधी वर जायला हवं. गावात उंच असा चर्चचा एकच मनोरा. पाद्रीसाहेब म्हणाले, किल्ली विश्वस्तांकडे. विश्वस्त म्हणाले, किल्ली माझ्याकडे आहे, परवानगी इमारत उपसमितीकडे. उपसमितीची बैठक फेब्रुवारीत.

"अहो, पण हे नाताळचं कार्ड आहे," मी म्हटलं.

"मग पुढच्या नाताळला उपयोगी पडेल की," विश्वस्त म्हणाले. ते विनोद करत नव्हते. त्यांना मी कधीच विनोद करताना पाहिलेलं नाही.

शेवटी आमच्याच घराच्या माळ्यावरची छपराची खिडकी उघडायची ठरली. मी वरून लोंबकळणार आणि बाबा खाली मागच्या अंगणात ट्यूबा घेऊन बसणार. पण अख्खा बॅन्ड काही आमच्या अंगणात मावणार नव्हता, शिवाय शनिवारी दुपारी बाकीच्यांना फुटबॉल होतं. तेव्हा आईने तोडगा काढला. स्वयंपाकघरातली पातेली, बादल्या, कढया, पुडिंगचं भांडं असं सगळं स्टुलांवर आणि खुर्च्यांवर मांडून तिने बाबांभोवती अर्धगोल केला. मला तर वरून बॅन्डच दिसायला लागला. अडचण एवढीच की भिंतीपलीकडून हेपवर्थबाईंनाही तो दिसायला लागला.

हेपवर्थबाई आमच्या शेजारीण. त्यांचा नवरा स्टॅन्ली बॅन्डमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटा पितळी कर्णा, वाजवायचा. तो एप्रिलमध्ये गेला. त्यानंतर बाई अबोल झाल्या असतील असं कुणाला वाटेल, पण उलट आता त्या दोघांच्या वाटचं एकट्याच बोलत.

"एनिड," त्यांनी आईला विचारलं, "छप्पर गळतंय का गं?"

"नाही हो. हेझल चित्र काढतेय."

"पातेल्यांचं?"

"बॅन्डचं."

हेपवर्थबाईंनी पातेल्यांकडे एकदा नीट पाहिलं. "सर्वांत पुढे तो गंजका डबा आहे, तो मिस्टर अ‍ॅक्रॉइड का?" मिस्टर अ‍ॅक्रॉइड म्हणजे बॅन्डमास्टर. "तसा थोडाफार दिसतो खरा. पण काय गं हेझल, मिस पिकल्सना कधी छपरावर चढावं लागलं नाही ते? आणि रॉबिन कुठे बसवणारेस?"

"रॉबिन नाहीये," मी वरून ओरडले.

"नाहीये?" बाईंचा आवाज असा झाला, जणू येशूच नाहीये म्हटलं मी.

या धक्क्याचा त्यांच्यावर झाला नसेल इतका परिणाम माझ्यावर झाला. उत्तर द्यायला म्हणून मी वळले आणि कोपराजवळची पांढऱ्या रंगाची बाटली खिडकीच्या चौकटीवरून सटकली. खाली एवढं मोठं अंगण होतं, एवढी पातेली होती. पण नाही. बाटली आपटली खिडकीखालच्या पत्र्यावर आणि रंग सगळा गेला बरोबर ट्यूबाच्या तोंडात. बाबांना वाटलं पाऊस आला. मला पोझ हवी म्हणून ते इमानाने वाजवत राहिले, आणि ट्यूबातून गुळण्या करताना येतो तसा आवाज आला.

पुढचे काही दिवस आमच्या घरी ट्यूबा अंघोळीच्या टबात होता आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी. पितळेच्या त्या वेटोळ्यांत कुठे कुठे रंग जाऊन बसला होता देव जाणे. नंतर तालमीत बाबा खालचा सूर लावायला गेले की वाद्याच्या तोंडातून पांढऱ्या पापुद्र्यांचा फवारा उडायचा. त्या वर्षी हॅगशॉत पहिला बर्फ पडला तो असा. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

चित्र मात्र झालं, आणि मला विचाराल तर थोर झालं. गडद निळी जमीन, तीवर लहानमोठी वर्तुळं. बॅन्डच्या खोलीत समितीपुढे मी ते टेबलावर उलगडलं आणि नम्रपणे मागे सरून उभी राहिले. कौतुक अंगावर येणार असलं की थोडं मागे सरावं लागतं.

मिस्टर अ‍ॅक्रॉइडनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही तळलेली अंडी आहेत का?"

"हा बॅन्ड आहे," मी म्हटलं. "वरून. देवदूताच्या नजरेतून."

"अस्सं. आणि यात मी कोणता?"

मी एका वर्तुळावर बोट ठेवलं.

"मग हा?"

"तो ड्रमवाला."

"त्याची टोपी माझ्याएवढीच कशी?"

"सगळ्या टोप्या एकाच दुकानातल्या आहेत, मिस्टर अ‍ॅक्रॉइड."

"टोप्या एकाच दुकानातल्या असतील, पोरी. पण हुद्दे?"

मग सगळेच टेबलावर ओणवे झाले. प्रत्येकाला चित्रात स्वतःला शोधायचं होतं. एका ट्रॉम्बोनवाल्याला आपले बूट ओळखू आले म्हणून तो खूश झाला, तर ते आपले आहेत असं दुसऱ्याचं म्हणणं पडलं आणि दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी सगळे एका मुद्द्यावर एक झाले, तो म्हणजे रॉबिन.

"वरून रॉबिनची छाती दिसत नाही," मी म्हटलं. "वरून तो नुसता तपकिरी दिसतो." कलेचा प्रश्न होता, माघार घेणं शक्य नव्हतं.

ड्रमवाला म्हणाला, "मग उताणा काढ की."

नाताळच्या कार्डावर पाय वर करून मेलेला पक्षी असावा की नसावा यावर समितीने खरोखर चर्चा केली. मतं दोन्ही बाजूंनी पडली. अखेर मी ड्रमच्या कडेवर एक तपकिरी रॉबिन वरून काढून द्यायचं कबूल केलं. तो बटाट्यासारखा दिसला, पण कागदोपत्री रॉबिन होता. मिस्टर अ‍ॅक्रॉइड तरीही मान हलवत होते. "नॉर्मन, तूच सांग. लोक हे घेतील?"

बाबा उठले. महिन्याभरात दुसऱ्यांदा.

"मला चित्रातलं कळत नाही," ते म्हणाले. "पण ती छपरातून लोंबकळत होती ते मी पाहिलंय. छापा. नाही खपलं तर मला बोल लावा."

मला रडू आलं असतं. पण आर्टिस्ट समितीपुढे रडत नाहीत, म्हणून मी रॉबिनकडे बघत राहिले.

अंतिम चित्र मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुरं केलं, तिथेच वाळायला ठेवलं आणि झोपायला गेले. सकाळी बाबांनी ते कचेरीत जाता जाता छापखान्यात दिलं. छापखाना लम्ब नावाच्या माणसाचा. तो अंत्यविधीच्या पत्रिका आणि लॉटरीची तिकिटं छापतो, त्यामुळे गावाच्या सगळ्या आशा-निराशा त्याच्या हातून जातात. आठवड्याने खोकी आली. मी वरचं कार्ड काढलं आणि उजेडात धरलं.

एक वर्तुळ जास्त होतं.

बाबांच्या ट्यूबाच्या शेजारी, मी मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागेत, एक फिकट पोकळ वर्तुळ उमटलं होतं. एका बाजूला तुटलेलं. मी खोकं तसंच उचलून लम्बकडे धावले.

"हे काय आहे?"

"वर्तुळ," लम्ब म्हणाला.

"हे मी काढलेलं नाही! हा डाग आहे!"

"हे बघ बाई, मूळ चित्रात होतं ते मी छापलं. मिस पिकल्सच्या कार्डावर असा डाग असता तर मी पुसला असता. पण यात चूक कुठली आणि कला कुठली, हे मला कसं कळावं?"

मी खोकं परत उचललं.

घरी आले तर बाबा टेबलाशी कार्ड घेऊन बसले होते. बराच वेळ त्यांनी आपला कप उगाच फिरवला. मग म्हणाले, "माझ्या कपाचा आहे तो."

"म्हणजे?"

"तू झोपल्यावर मी बघायला आलो होतो. हातात चहा होता. टेकवला असेल."

"बघायला? तुम्ही तर दोनदा पाहिलं होतं."

"हो. पण मी कुठे आहे ते तेव्हा कळलं नव्हतं. सगळ्यांसमोर कसं विचारायचं?"

"मग सापडलात?"

"चहा गार होईस्तोवर शोधलं," बाबा म्हणाले.

आता पुन्हा छापायला ना वेळ होता ना तोंड. कार्डं वाण्याच्या दुकानात काउंटरवर गेली, आणि तिथेच राहिली. लोक ती उचलत, उलटी धरत, सुलटी धरत आणि शेजारचा तयार रॉबिन-कार्डांचा डबा घेऊन जात. ज्यांना बॅन्डवाल्यांनी भिडेने पाठवली, त्यांतल्या काहींना ती गॅसच्या शेगड्यांची जाहिरात वाटली. म्हाताऱ्या मिसेस ग्रीनवुड तर कार्ड घेऊन थेट गॅस कचेरीतच गेल्या. माझ्याकडे दोनच बर्नर आहेत, एवढी मोठी शेगडी मी मागवलेली नाही, असं त्यांनी बाबांना सर्वांदेखत खडसावलं. कचेरीत बाबांना त्यानंतर सगळे "काय देवदूत, वरून काय दिसतंय?" असं विचारू लागले. बाबा घरी येऊन ट्यूबा पुसत बसत. मी लीड्सला परत जायची गाडी बघू लागले आणि शिक्षिका व्हावं की परिचारिका, या विचाराला लागले.

अशात एका संध्याकाळी मागच्या दारावर हेपवर्थबाईंची थाप पडली. त्यांच्या हातात कार्ड होतं. नाकावर चष्मा होता. आता काय काय ऐकावं लागणार म्हणून मी खुर्चीत सावरून बसले.

बाई बसल्या नाहीत. "मोजली मी," त्या म्हणाल्या. "दोनदा मोजली. बॅन्डमधल्या माणसांपेक्षा एक डोकं जास्त आहे."

"हेपवर्थबाई, त्याचं असं झालं..." मी सुरुवात केली.

"नॉर्मनच्या डाव्या हाताला आहे." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि त्या फिकट गोलावर बोट टेकवलं. "स्टॅन्ली तिथेच उभा राहायचा. हा आमचा स्टॅन्लीच ना गं?"

मी तोंड उघडलं. टेबलाखाली आईचा बूट माझ्या पायावर पडला, आणि आईचा बूट हलका नाही. मी बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीकडे बघत होते. आमच्या सरांसारखेच.

माझं गप्प बसणं बाईंना बहुतेक लाजणं वाटलं.

"फिकट काढलास ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी पंख लावले असते. त्याला पंख आवडले नसते. आणि एका बाजूने उघडा ठेवलास. तो असाच, कधी पुरतं दार लावून गेला नाही. मी ओरडायची त्याच्यावर." मग त्या एकदम बसल्या. आईने चहा केला. हेपवर्थबाई अर्धा तास आमच्या घरात होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. असं त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच झालं असावं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या बोलल्या. वाण्याकडे बोलल्या, चर्चमध्ये बोलल्या, बसच्या रांगेत बोलल्या. गाव कार्डावरची वर्तुळं मोजायला आलं आणि मोजून झाल्यावर कार्डं विकत घेऊन गेलं. घराघरांत लोक डोकी लढवू लागले, हा कोण, तो कोण. ज्यांना कालपर्यंत शेगडी दिसत होती, त्यांना आता आपले मेहुणे दिसायला लागले. लम्बला पुन्हा छापावी लागली, आणि त्याने मला निरोप पाठवला की या खेपेला डाग ठेवायचा की काढायचा?

मी म्हटलं, ठेव. आणखी काय म्हणणार होते?

माझ्या देवदूताच्या नजरेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. "बाकी चित्र यथातथाच आहे," मिस्टर अ‍ॅक्रॉइड माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पण ती एक कल्पना मोठी आहे हो, पोरी." पुढे जानेवारीत मी कार्ड कॉलेजात नेलं. सरांनी पहिल्यांदाच खिडकीवरची नजर काढून माझ्या चित्रावर ठेवली, आणि बोट फिरवत फिरवत नेमकं त्या तुटक्या गोलावर आणलं. "ही एक रेघ जिवंत आहे," ते म्हणाले. "बाकी ठिकाणी तू फार विचार केलायस." जिवंत रेघ काढायला मला बाबांचा चहा लागतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पण त्याआधी नाताळची संध्याकाळ झाली. बॅन्ड दारोदार कॅरल्स वाजवत आमच्या गल्लीत आला. मी पैशांचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर होते. हेपवर्थबाई कोट चढवून, कार्ड घेऊन फाटकाशीच उभ्या होत्या. त्यांनी कार्ड हातावर आडवं धरलं, दिव्याखाली जरासं फिरवलं आणि बॅन्डकडे पाहिलं.

"सिरिल," त्या मिस्टर अ‍ॅक्रॉइडना म्हणाल्या, "तुम्ही इकडे सरा. ड्रम तिकडे. ट्रॉम्बोन, तुम्ही दोघं मागे."

मिस्टर अ‍ॅक्रॉइड जन्मात कुणाच्या सांगण्यावरून हलले नव्हते. ते इकडे सरले. मग बाकीचेही सरले, बर्फात बूट घासत, एकमेकांना कोपरं लावत. सगळे चित्रातल्यासारखे उभे राहिले तेव्हा बाबांच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा उरली. कुणी ती भरली नाही. बाबा ट्यूबा घेऊन आणखी थोडे उजवीकडे सरकले, अडचण नको म्हणून.

मिस्टर अ‍ॅक्रॉइडनी छडी उचलली. एरवी ते वाजवणाऱ्यांकडे डोळे वटारून बघतात. या खेपेला त्यांनी इशारा दिला तो त्या मोकळ्या जागेकडे बघून. बॅन्डने स्टॅन्लीची आवडती कॅरल वाजवली. फार चांगली वाजली असं नाही, कारण मधल्या एका ठिकाणी कॉर्नेट कमी पडत होतं. पण तिथे सगळेच जरा हळू झाले आणि मग एकदम पुढे गेले.

वाजवून झाल्यावर हेपवर्थबाईंनी नाक पुसलं आणि माझ्या डब्यात पैसे टाकले. मग कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन त्या म्हणाल्या, "खरं सांगू का, हेझल? बाकीचे कोण कुठले, मला काही ओळखू येत नाहीत. तुझा बाबासुद्धा नाही. पण आमचा स्टॅन्ली मात्र अगदी हुबेहूब उतरलाय."

"थँक यू, हेपवर्थबाई," मी म्हटलं. बाबांकडे बघायची काही माझी हिंमत झाली नाही.